काळविटाच्या शिंगावरची इरकल

मन्नाएखेळ्ळीजवळ राखीव जंगलाला लागून शेत असलं, की काळविटांचा पाहुणचार आलाच. माझे शेजारी सिद्धरामअण्णा यांनीही आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे हरभऱ्याभोवती जुन्या साड्या बांधल्या होत्या. पण काळवीट त्यांना इतके सरावले, की साडीखालून वाकून खुशाल आत येत. मग अण्णांना शक्कल सुचली. घाबरवायचं तर रंग भडक हवा! बायको, निलम्माअक्का, माहेरी हुमनाबादला गेलेल्या. अण्णांनी त्यांची पेटी उघडली आणि तळाशी जुनेरात गुंडाळलेली लालभडक साडी काढून हरभऱ्याभोवती बांधली. जुनेरात आहे म्हणजे जुनीच असणार, असा त्यांचा हिशेब. धन्य तो माणूस!

ती अक्कांच्या आईची इरकल होती. आई गेल्यावर उरलेली तेवढीच खूण. भाचीच्या लग्नात नेसायला म्हणून अक्का ती न्यायला परत आल्या, पेटी पाहिली, अण्णांना जाब विचारला आणि तरातरा शेतात गेल्या. तिथंही साडी नव्हती. समोरच्या कुरणात एक काळवीट ती शिंगांना अडकवून नवरदेवासारखा मिरवत होता.

अण्णांनी मोटारसायकलला किक मारली, तोच वनरक्षक प्रभुलिंग आडवा आला. "अण्णा, पाठलाग करायचा न्हाई! बुजून पळाला, पाय मोडला, तर तुमाला आत टाकावं लागंल."

"आन् साडी?"

"लांबून बघत बसा. झुडपाला शिंगं घासला की सुटंल."

मग काय! काळवीट चरायला लागला की अण्णा बसायचे, चालायला लागला की उठायचे. दुपारी तो निवांत रवंथ करत बसला; अण्णा उपाशी. मला हसू आवरेना. पण अक्कांचे भरलेले डोळे दिसले आणि ते विरलं.

उन्हं कलताना त्यानं शिंगं बोरीला घासली आणि साडी काट्यांत सोडून निघून गेला. अण्णांनी एकेक काटा काढत ती सोडवली. पदर टरकला होता, बाकी धड होती. अक्का ती छातीशी धरून रडल्या.

थोडं कौतुक करून घ्यायला आता हरकत नाही, असं अण्णांना वाटलं. "बघ, इतक्या लांबून, इतक्या गवतात, तुझ्या आईची साडी बरोबर वळखलो का न्हाई?"

"व्हय," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "मग घरच्या पेटीत कामून वळखू आली न्हाई तुमाला?"