डाव्या चाकाचा आवाज

"जावईबापू, ही गाडी आज डोंगर चढणार नाही," असे म्हणून मिस्त्रीने किल्ली खिशात टाकली.

जावयाने डिकी आपटली. "बाबा, उद्या सकाळी हजर झालो नाही तर नोकरी दुसऱ्याला देतील. आणि हा आवाज तुमच्याशिवाय कुणालाच येत नाही. ही खटारा गाडी तर सगळीकडूनच वाजते!"

"कुणाला येत नाही म्हणूनच लोक माझ्याकडे येतात."

आवाज होता, याबद्दल मिस्त्रीच्या मनात शंका नव्हती. दुपारी त्याने गाडी मोकळ्या रस्त्यावर पिटाळली, तेव्हा डाव्या अंगाने एकसुरी घूं घूं सतत येत होती. चाकाचे बेअरिंग झिजले की ते असेच घुमते. खरे तर गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर पडतो आणि आवाज चढायला हवा. डावीकडे वळली की उतरायला हवा. त्याने दोन्हीकडे वळवून पाहिले. तिळमात्र फरक पडला नाही. एखाद्या नवख्या कारागिराने असे निदान केले असते, तर मिस्त्रीने त्याची खरडपट्टी काढली असती. पण या गाडीत त्याची पोटची पोर बसायची होती. वळणावर चाक जाम झाले तर बाजूला दरी. बेअरिंग नुकतेच बिघडू लागले असेल, अशी त्याने स्वतःचीच समजूत घातली.

"सिद्ध करा," जावई म्हणाला, "नाहीतर किल्ली द्या."

मिस्त्रीने पुढच्या डाव्या चाकाखाली जॅक लावला आणि मुलीला शेजारी स्टुलावर बसवले. "चिमे, चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेव. मी चाक फिरवतो. बेअरिंग गेलं असेल तर खरखर लागेल, दाताखाली खडा आल्यासारखी."

"तुम्हीच ठेवा की हात."

"माझ्या हाताला घट्टे पडलेत. शिवाय माझ्या हातावर तुझा नवरा विश्वास ठेवायचा नाही."

चाक फिरले.

"काही नाही, बाबा."

"नीट धर."

"धरलंय. लोण्यासारखं फिरतंय."

मिस्त्रीने चाक धरून थांबवले. इंजिन बंद होते, चाक हवेत निश्चल होते, आणि डाव्या अंगाची ती घूं घूं जशीच्या तशी चालू होती.

आवाज गाडीत नसेल तर कुठे आहे, हे त्याला कळून चुकले होते. आणि ते कबूल करावे लागू नये म्हणूनच तो उरलेली चाके उचलत सुटला. पुढचे उजवे स्वच्छ निघाले. मागचे डावेही.

"आता इंजिन खाली उतरवायचं का?" जावयाने टोमणा मारला.

मागचे उजवे चाक फिरले मात्र, मुलीने हात झटकन मागे घेतला. "बाबा, इथे आहे!"

जावयाने हात लावून पाहिला. मग चाक वर-खाली धरून हलवले. ते पडू घातलेल्या दाढेसारखे हलले.

"मानलं बाबा तुम्हाला. काय कान आहेत! नोकरी गेली खड्ड्यात, मी एक दिवस मागून घेतो."

मिस्त्रीने चाकावरचा हात काढला. "मला हे ऐकूच आलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मी पुढचं डावं म्हणत होतो. हे मागचं उजवं. हे मला ऐकू यायला हवं होतं, आलं नाही. आणि जे ऐकू येतंय, ते आत्ता, या क्षणीसुद्धा येतंय."

मुलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, बाबा."

"ते नंतर. आधी शाळेतल्या बाईंना फोन लाव."

आज सकाळीच त्या बाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या होत्या. चाकातून काहीतरी वाजते, अशी त्यांची तक्रार होती. मिस्त्रीने शेजारी बसून एक फेरी मारली, कान दिला आणि सांगितले, काही नाही बाई, खुशाल जा. मागच्या सीटवर त्यांची मुले बसली होती. संध्याकाळी जायचे होते डोंगरापलीकडे.

मुलीने फोन कानाला लावला. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"रिंग वाजतेय. उचलत नाहीत."

"पुन्हा लाव."

"गाडी चालवत असतील, बाबा."

"म्हणूनच सांगतोय ना! पुन्हा लाव."