बावीस गाठींचा दोर

मित्रांनो, मी एक जुना सुती दोर आहे. शाळेच्या मागच्या फाटकाची निखळलेली फळी मी धरून ठेवली आहे. तुम्ही रोज माझ्याजवळून जाता.

शिपाईमामांनी मला तीन पदरांत वळलं आणि बावीस गाठी मारल्या. एका गाठीला एक मूल. चौथीच्या बाई दरवर्षी वर्गाला गावातली दोन प्रार्थनास्थळं दाखवायला नेत. "पुस्तकात चित्र असतं, पण चित्रात आवाज घुमत नाही," असं त्या म्हणत. रस्ता ओलांडताना मुलं मला घट्ट धरत. कुणाचे हात शाईचे, कुणाचे खाऊचे. त्या हातांनी मी काळवंडलो आणि त्याचा मला अभिमान वाटे. दारात चपलांशेजारी मला ठेवत. आतलं सारं मी परतीच्या गप्पांतूनच ऐकलं.

एका वर्षी बाईंनी तिसरं ठिकाण ठरवलं. लाकडाच्या वखारीमागचं, पत्र्याचं, लहानसं. तिथली झाडलोट एक म्हातारबाबा करत. त्यांची नात याच वर्गात होती. ती सर्वांत उंच, म्हणून रांगेत शेवटी. सगळे तिला शेपटी म्हणत.

दुसरं ठिकाण पाहून परतताना एकानं तिला डिवचलं, "शेपटे, तुमच्याकडे आहे काय बघायला?"

"खिडकी आहे. दहा वाजता ऊन येतं आणि सरकत सरकत भिंतीवरच्या अक्षरांवर जातं. एकेक अक्षर उजळतं."

"थापा नको मारू!"

"गुरुवारी ये ना मग. डोळ्यांनी बघ."

पण बुधवारी काही पालक कार्यालयात आले. मी तिथंच दाराआड खिळ्याला होतो.

"आधीची दोन ठीक होती. पण त्या वखारीमागं आमची मुलं जाणार नाहीत."

"ती मुलगी दोन्हीकडे आली," बाई म्हणाल्या. "तिनं दोन्हीकडे चपला काढल्या, मान लववली. आता तिच्या दाराशी आपण पाठ फिरवायची?"

मुख्याध्यापक खाली बघत म्हणाले, "बाई, मला शाळा चालवायची आहे. यापुढे सहल कुठंच नको."

गुरुवारी नऊ वाजता शेपटीनं मला खिळ्यावरून काढलं. सहल रद्द झाली, हे बाईंनी तिला सांगितलं. शेवटची गाठ दोन्ही हातांनी ओढत, पिळत ती ओट्यावर बसून राहिली.

साडेअकराला आजोबा आले. धुतलेला सदरा, हाताला चुन्याचे डाग. "पोरं रस्ता चुकली की काय गं? वखारीपर्यंत बघून आलो."

बाई सांगायला पुढे झाल्या, पण शेपटीच म्हणाली, "आजोबा, आज अचानक परीक्षा लागली."

"असू दे, असू दे. ऊन काय, उद्याही येईल."

तो ‘उद्या’ कधी आलाच नाही. बाईंची बदली झाली. शेपटी पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. मी धूळ खात पडलो. पुढे फाटक मोडलं, माझी लांबी अपुरी पडली, म्हणून नव्या शिपायानं माझ्या गाठी सोडल्या. एकवीस सुटल्या. शेवटची दातांनी ओढूनही सुटली नाही.

मित्रांनो, मी आता विरत चाललो आहे. मला जपा असं मी म्हणणार नाही. दोर नवा मिळेल. पण वखारीमागची ती खिडकी अजून असेल. कुणीतरी तुमच्या बाईंना विचारा, रांग करा आणि दहाच्या आत पोहोचा.