पहिला पट्टा

सत्यशीलानं प्रिंटरमधून कागद फाडला, दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या सोलून काढल्या आणि तो डॉ. सावरबांध्यांपुढं ठेवला. भात संशोधन केंद्रातले ते कीटकशास्त्रज्ञ. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ नको म्हणून जोडे दाराबाहेर काढायचे असत. मोज्यातले पाय स्टुलाच्या दांडीवर टेकवून ते बसले होते. कागदावरून त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"तारा कुठाय?"

"आला नाही, सर."

बांध्या-बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या वाफ्या-वाफ्यांच्या पिकातला, फरक औषधामुळं पडला असं गणितातून निघालं, तर प्रोग्राम आकड्यापुढं तारा छापायचा. योगायोगानंही तेवढा फरक पडू शकतो असं निघालं, तर जागा कोरी सोडायचा. ती जागा कोरी होती.

"कितीनं हुकला?"

"थोडक्यात. केसभर."

"केसभर!" डॉक्टर हसले. "अहो, केसाएवढ्या कारणानं कोणी लग्न मोडतं का?" मग हसू ओसरलं. "उद्या नागपूरला समिती आहे. दोन जिल्ह्यांच्या धानाला या औषधाची शिफारस व्हायचीये. तीन वर्षं घातलीत मी यात."

औषध गादमाशीवरचं होतं, दाणेदार. ही माशी धानाच्या कोंबात शिरली की लोंबीच्या जागी नुसती पोकळ नळी येते. चार ब्लॉक पाडले होते. प्रत्येक ब्लॉकात काही बांध्या औषधाविना, काहींना थोडं, काहींना जास्त. आणि कुठल्या बांधीला किती, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं.

"एखादा ब्लॉक बिघडलेला असणार," डॉक्टर उठत म्हणाले. "बोडीच्या तळ्याचं पाणी शिरतं कुठं कुठं. जो बाकीच्यांसारखा वागत नाही तो हुडका आणि काढून टाका. तीन ब्लॉकवरही गणित चालतं, फक्त कारण लिहून द्यावं लागतं. इथला निकाल समितीवाले धरतच नाहीत, फ्लॉपी घेतात आणि सगळ्यांसमोर आपल्या मशीनवर चालवतात. मी जेवून येतो. दोनला जीप निघेल."

दार लागलं. सत्यशीलानं तो कोरा भाग अंगठ्यानं हळूच पुसल्यासारखं केलं. बरं वाटलं होतं तिला. पण पोटात जी आग होती ती तेवढ्यानं शमणारी नव्हती.

पावसाळ्यात ती नागपूरला होती, याच मशीनचं शिक्षण घ्यायला. थोरली बहीण मनकर्णा, जिला ती लहानपणापासून 'बाई'च म्हणायची, केंद्राच्या शेतावर रोजानं होती. सत्यशीलाच्या कॉलेजातली पुस्तकं बाईच्या धान रोवण्याच्या मजुरीतून आलेली. त्या दिवशी उघड्या हातांनी औषध फेकता फेकता बाई बांधाच्या धुऱ्यावर बसली, ओकली आणि आडवी झाली. बायांनी जीप मागितली. जीप मोठ्या साहेबांना आणायला जायची होती. "बैलबंडीत घालून न्या," डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या अलीकडच्या नाल्यात बंडी चिखलात रुतली आणि बाई तिथंच गेली. सत्यशीला आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाईचं एक हिरवं काकण तेवढं आईनं ठेवून घेतलं होतं.

केंद्रात लागलेली ही पोरगी त्या मजूरबाईची बहीण, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या बाईचं नावही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून ती वाट पाहत होती. धान पिकेल, कापलं जाईल, तोललं जाईल, आणि आकडे शेवटी आपल्याच टेबलावर येतील. एका बांधीचं वजन दुसरीत टाकलं तर कोणाला पत्ता लागणार? मनातल्या मनात तिनं ते कितीदा केलं होतं. आज आकडे भरताना मात्र ते जसे होते तसेच भरले. आधी त्याचं खरं बघू, मग आपलं करू. आणि तारा तिच्या बोटावाचूनच बुडाला होता. कोणीतरी आधी येऊन ताटातला घास उचलून नेल्यासारखं तिला झालं.

का बुडाला?

विकतचं पॅकेज शेवटचा तक्ता तेवढा छापायचं. आतलं बघायचं तर आपणच लिहावं लागे. सत्यशीलानं बेसिकमध्ये काही ओळी लिहिल्या: चिठ्ठ्यांनी विखुरलेल्या बांध्या ब्लॉकप्रमाणं गोळा कर, औषधाच्या चढत्या मात्रेनं एकाखाली एक लाव, आणि ज्या बांधीत जितकं धान आलं तितक्या फुल्या छाप. पहिल्यांदा एक चूक निघाली, ती दुरुस्त केली. प्रिंटर करकरत चालू झाला.

दुसरा, तिसरा, चौथा ब्लॉक सारखेच. कमी औषध, जास्त औषध, फुल्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

पहिला ब्लॉक मात्र जिना होता. मात्रा वाढेल तशी फुल्यांची रांग लांबत गेली होती, पायरीवर पायरी, एकही पायरी न मोडता. शेतात उभ्या माणसाला तो दिसला नसता. बांध्या विखुरलेल्या होत्या. ओळीत लावल्यावर दिसला.

तिनं कागद घडी करून ब्लाऊजमध्ये सारला आणि चपला पायात घालून ती खळ्याकडं निघाली.

दुपारची सुटी होती. तणसाच्या गंजीच्या सावलीत बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. त्यांची पुढारी रुखमा. तिनं सत्यशीलाला येताना पाहिलं.

"काय व, आज थंड कपाटातून बाहीर निंघाली? उन्हात येशीन तं इतळून जाशीन!"

बाया हसल्या. सत्यशीला तिच्याजवळ टेकली.

"मावशी, एक विचारतो. बाई पडली तवा कोन्त्या पट्ट्यात होती?"

कागदावरच्या ब्लॉकला बायांच्या बोलीत पट्टा म्हणत. रुखमाचा हात भाकरीवर थांबला.

"पयला पट्टा तिनं एकटीनं फेकला. आमी खालच्या बांधीत निंदून राह्यलो होतो. सकाऱ्यापासून एकटी. तिचा हात तुले ठाऊक हाये. मूठ कदी लहान नाई, कदी मोठी नाई."

"अनं बाकीचे तीन?"

रुखमानं इतर बायांकडं पाहिलं. बुधरी नावाची एक बारकीशी बाई म्हणाली, "सांग ना व. तिचीच बहीन होय, का परकी हाये?"

"औषध वाळूत कालवून फेका लागते," रुखमा म्हणाली. "वाळूचा ढीग होताच धुऱ्यावर. बंडी तिले घेऊन गेली, अनं हा डाक्टर छत्री धरून उभा राह्यला. काम थांबवू नका म्हने. आमी नाई थांबलो."

"मंग?"

"मंग काय? नुसती वाळू फेकली. तिन्ही पट्टे. त्याच्या डोऱ्यासमोर. औषध सारं कोपऱ्यात गाडलं."

"गानं बी म्हनलं," बुधरी म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन हलकेच गायली,

"धनी उभा छत्रीखाली, त्याले ऊन लागू नये,
वाळू पेरली व माय, त्याचं मोती पिकू नये."

"अनं हा मान डोलवे!" रुखमा म्हणाली. "नानाजी मुकादमाले सांगे, पाहा, बाया कशा खुशीत हायेत."

पुन्हा हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. रुखमानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला.

"तवा ती जित्ती होती ना व. आमाले काय मालूम. म्हटलं, सांजेले परत येईल तं सांगू तिले. लय हासंल."

खळ्यावर चिमण्या दाणे टिपत होत्या.

"काऊन विचारून राह्यली?" रुखमानं विचारलं. "त्याले समजलं का?"

"नाई."

"त्याचं वाटोळं होते का यानं?"

"होऊ शकते."

"मंग कर," रुखमा म्हणाली. "आमी आमचं केलं. तू तुह्यं कर."

परत येताना सत्यशीला बांध्यांमधून आली. धान निघून गेलं होतं, नुसती धसकटं उभी होती. पहिल्या पट्ट्याच्या धुऱ्यावर ती थबकली. औषध तर खरं होतं. तिच्या मामाच्या धानालाही गादमाशी लागायची. हा पट्टा फ्लॉपीत राहिला, तर तारा न येताही समितीतला कोणी शहाणा म्हणेल, बांध्या जरा ओळीनं लावून बघा. जिना दिसेल. मग म्हणतील, औषधात दम आहे, सावरबांध्यांना आणखी एक वर्ष द्या. आणि पुढच्या पावसाळ्यात हाच माणूस याच धुऱ्यावर छत्री धरून उभा राहील.

पट्टा काढला, तर उरेल वाळू. त्या माणसानं तीन वर्षं वाळूला औषध म्हटलं, असं सगळ्यांच्या देखत ठरेल.

पण त्या पट्ट्यात बाईची अखेरची सकाळ होती. बाईच्या हाताचं माप जगात दुसरीकडं कुठंच नव्हतं. फोटो एकच होता, तोही लग्नातला, मान खाली घातलेला.

खोलीत ती आली तेव्हा डॉक्टर सुपारी चघळत बसले होते.

"सापडला का?"

"एक ब्लॉक बाकीच्या तिघांसारखा नाही, सर."

"कुठला?"

"पहिला."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "वाटलंच मला! पावसाळ्यात एक मजूरबाई पडली नव्हती का? पहिला ब्लॉक तिच्याच हातचा. आधीच आजारी असणार, सांगितलं नसेल. असल्या हातानं कसली धड मात्रा पडते? कुठं ढीग, कुठं काहीच नाही. काढा, काढा."

सत्यशीला खुर्चीवर बसली. घडी केलेला कागद तिच्या छातीशी टोचत होता. तो काढून टेबलावर उलगडायला क्षण पुरला असता. हा पाहा तिचा हात, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्या एका वाक्यानं बाईचा हात वाचला असता, आणि त्याच वाक्यानं हा माणूसही.

तिनं पडद्यावर पहिल्या ब्लॉकच्या ओळी निवडल्या. मशीननं विचारलं, नक्की पुसायचं का? कर्सर लुकलुकत राहिला.

"अडलं का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, सर." तिनं कळ दाबली. ओळी गेल्या, खालच्या वर सरकून त्यांची जागा घेऊन बसल्या, जणू तिथं कधी काही नव्हतंच.

फ्लॉपी हातात घेऊन ती म्हणाली, "एकदा चालवून बघायचं का? पाचच मिनिटं."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"आता नको. उद्या तिथं चालेलच की. उगवू द्या तारा सगळ्यांच्या देखत! तुम्ही कारण तेवढं लिहून घ्या."

ते येरझारा घालत इंग्रजीत सांगू लागले आणि ती कळा दाबत गेली. पहिल्या ब्लॉकमध्ये मजुराकडून औषध असमान टाकले गेल्यामुळे तो वगळण्यात आला आहे.

"मजुराचं नाव टाकायचं, सर?"

"नाव? नाव कशाला? समितीला काय करायचंय तिच्या नावाशी." ते तिच्या खुर्चीमागं येऊन थांबले आणि पडद्यावरचं वाक्य त्यांनी ओठांतल्या ओठांत वाचलं. "हं. 'असमान' नको पण. आमची देखरेख नव्हती असा अर्थ निघेल. 'निष्काळजीपणे' करा."

सत्यशीलानं कर्सर मागं नेला. शब्दाची अक्षरं एकेक करून गेली. तिनं नवा शब्द लिहिला, अक्षरं पुन्हा एकदा तपासली आणि कागद छापायला सोडला.

कागद आला. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं.

"सही कुठं करू?"

"इथं, सर," ती म्हणाली, आणि त्या वाक्याच्या बरोबर खाली तिनं बोट ठेवलं.