मला पाजू नका

मी ओल मोजणारा खुंट बोलतोय. एकदाच सांगेन.

घानाच्या उत्तरेला, बोंगोच्या खडकाळ रानात, अतिपोका नावाच्या विधवेच्या शेतात मी उभा आहे. हातभर मातीत, हातभर वर. डोक्यावर उन्हावर चालणारी पाटी. माती किती ओली ते ओळखायचं आणि शेतकी कचेरीला कळवायचं, एवढंच माझं काम. आभाळात फार उंच एक उपग्रह फिरतो. तोही हीच माती बघतो. पण वरून बघणाऱ्याला खालची साक्ष लागते. ती साक्ष मी. दोघांचं जुळलं की अतिपोकाच्या फोनवर तिच्याच भाषेत निरोप येतो, "पेरा" किंवा "थांबा".

काम सरळ आहे. माणसं सरळ नाहीत.

मला रोवलं तेव्हा कचेरीच्या लोकांनी अतिपोकाला विचारलं, गावच्या प्रमुखाला विचारलं. भुईच्या पुजाऱ्याला विचारायचं राहिलं. इथे त्याला विचारल्याशिवाय कोणी कबरसुद्धा खणत नाही. पुजारी म्हातारा, अकोल्गो त्याचं नाव. तो आला, माझ्याभोवती फिरला आणि माझ्या पायाशी ज्वारीची दारू ओतली.

"आई भुई, ह्या लोखंडानं तुला भोसकलं. राग धरू नको. पी."

एकदा ओतली असती तर मी सोसलं असतं. पण तो दर बाजाराच्या दिवशी दारूने भरलेला भोपळ्याचा तुंबा घेऊन यायचा. वर पाणीही घालायचा. मुंग्या लागल्या मला! आसपासची माती भाजलेली, आणि मी मात्र चिंब.

मी खोटं बोलत नाही. ओल लागली, ओल आहे म्हणून कळवलं. वरचा म्हणाला, कोरडं आहे. कचेरीच्या यंत्राने ठरवलं, खालचा मातीत उभा आहे, त्याचंच खरं. निरोप गेला, "पेरा."

मागचं पीक बेताचं होतं. अतिपोकाकडे बाजरीचं बियाणं एक टोपलंच उरलेलं. तिने पहाटेपासून पेरलं. अंधार पडला म्हणून अर्धं टोपलं उरलं, नाहीतर तेही गेलं असतं. पेरलेलं बी मातीत भाजून निघालं.

मग कचेरीचा डेरी फटफटीवरून आला. डेरी डगारी, अकोल्गो फ्राफ्रा. ह्या दोन जमातींना एकमेकांची, त्यातही कुत्र्याच्या मटणावरून, वाटेल तशी थट्टा करायची मुभा आहे, आणि ते ती सोडत नाहीत.

डेरीने वाकून माती हुंगली. "आजोबा, हे काय ओतलंत?"

"पाहुण्याला पाणी विचारतात आमच्यात. तुम्हाला कुत्री भाजण्यातून सवड मिळाली तर शिका."

"कुत्र्याचं डोकं तर तुम्हीच पळवता, म्हातारबा! अहो, तुम्ही ह्याला पाजलंत आणि तो बरळला."

बरळला म्हणे! मी!

"थट्टा मग करा," अतिपोका ओरडली. "माझं अर्धं बी जळलं. उरलेल्याचं काय ते बोला. हेही गेलं तर पोरांना काय घालू, तुमच्या फटफटीचं तेल?"

डेरीने ओल्या मातीकडे बोट दाखवलं.

"ओतणं थांबवा," डेरी म्हणाला.

"जखम जिथे आहे तिथेच ओततात," अकोल्गो म्हणाला. "जागा बदलायची तर भुईला विचारावं लागेल."

विचारायचं म्हणजे कोंबडं कापायचं. ते पाठीवर पडलं तर भुईला मान्य, पोटावर पडलं तर नाही. अकोल्गोने आपलं कोंबडं कापलं. फडफडलं आणि पोटावर पडलं. आभाळातून माती वाचणारी माणसं, आणि माझं नशीब कोंबड्याच्या पाठीवर!

अतिपोका घरात गेली. अंड्यावर आलेली तांबडी कोंबडी घेऊन आली. "हिला विचारा."

"ही तुझी शेवटची ना गं पोरी?"

"विचारा म्हटलं ना."

कोंबडी पाठीवर पडली. तुंबा बांधावरच्या झाडाखाली गेला.

मी सुकलो. निरोप गेला, "थांबा." ढग गडगडले, शेजारणी म्हणाल्या, "अगं बाई, पेर की! आभाळ दिसत नाही का?" अतिपोका टोपल्यावर हात ठेवून बसली. "त्या खुंटाचा पाय ओला होऊ दे." शिंतोडे आले. बोटभरही मुरले नाहीत. मी म्हटलं, थांबा. ती थांबली. मग खरा पाऊस पडला, माझ्या टोकापर्यंत उतरला, आणि मी मोकळ्या मनाने कळवलं.

आज अर्धं शेत गुडघाभर आहे, अर्धं उघडं. त्या उघड्या अर्ध्याकडे पाहिलं की माझं टाळकं सणकतं.

माणसांनो, तुमची भुई तुमची आई आहे, तिला खुशाल पाजा. मला मात्र शेताएवढंच तहानलेलं ठेवा.