दुसरीची घंटा

पाण्याच्या वेडापायी सगळे जिला बेडकी म्हणत, तिला पोहायला मनापासून आवडायचं. फक्त शर्यत तेवढी नको असायची. सरावाला ती पाण्यात अशी रमायची, की सरांना ओरडून ओरडून बाहेर काढावं लागे. पण स्पर्धेच्या सकाळी हीच पोरगी बाथरूममध्ये ठाण मांडून बसायची.

त्या दिवशी तिची सकाळी आठशे मीटर होती आणि दुपारी चारशे. बाथरूमच्या बंद दाराआडून ती म्हणाली, "आत्या, चारशेमधलं माझं नाव काढून ये ना. आठशे पोहते आणि सुटते. कायमची!"

आत्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस. घाबरलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तिला पुरतं ठाऊक. ती पंचांच्या टेबलापाशी गेली, नाव काढून आली आणि तलावाच्या पलीकडच्या टोकाला पाट्या घेऊन बसली. आठशे मीटर म्हणजे त्या तलावात बत्तीस फेऱ्या. पोहताना एवढं कुणाच्या ध्यानात राहणार? म्हणून घरचं माणूस काठावर बसून त्या टोकाच्या दर वळणाला फेरीच्या आकड्याची पाटी पाण्यात धरतं.

शिटी झाली, आठ उड्या पडल्या. बेडकी पोहत राहिली, पण पाटीकडे काही बघेना. अजून वीस राहिल्यात हे कळून हातपाय गळण्यापेक्षा न बघितलेलं बरं, असा तिचा हिशेब. आत्या बिचारी इमानाने पाट्या बदलत होती.

आणि अचानक घंटा वाजली. सर्वात पुढे असलेल्या मुलीच्या दोन फेऱ्या उरल्या, की पंच घंटा वाजवतात. ती घंटा शेजारच्या लेनमधल्या उंच मुलीची होती; बेडकीने ती खुशाल आपली मानली. सुटले एकदाची! तिने जीव खाऊन हात मारले, दोन फेऱ्या संपवल्या, भिंत धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि शेजारणीकडे बघून तोंडभर हसली.

"अभिनंदन हं!"

"थँक्यू," उंच मुलगी धापा टाकत म्हणाली, "पण तुझ्या अजून दोन राहिल्यात."

पलीकडच्या टोकाला आत्या खुर्चीवर चढून एकतीसची पाटी नाचवत होती. "बेडके! अगं, थांबलीस काय? ये इकडे!"

सगळी गॅलरी खो खो हसायला लागली. भर स्पर्धेत फजिती होईल, लोक हसतील, याच भीतीने बेडकी दोन वर्षं झुरत होती. आता ती झाली, चांगली वाजतगाजत झाली, आणि तिला काहीसुद्धा झालं नाही. उलट तिलाच इतकं हसू फुटलं, की नाकात पाणी गेलं. तशीच खोकत खोकत ती निघाली. खांदे भरून आले होते, पाय जड झाले होते, पण पाणी सरावातल्यासारखं वाटत होतं. गार आणि आपलं. बत्तिसावी फेरी संपली तेव्हा तिला चक्क वाईट वाटलं.

ती सहावी आली. "भिंतीशी गप्पा मारल्या नसत्यास तर पाचवी आली असतीस," सर म्हणाले. ते ऐकायला ती थांबलीच नाही. टॉवेल गुंडाळून, ओल्या पायांनी घसरत ती पंचांच्या टेबलापाशी पोचली.

"चारशेमध्ये माझं नाव परत घालता का? प्लीज!"

टेबलावरच्या बाईंनी यादी बघितली. "एकदा काढलेलं नाव परत नाही घालता येत, बाळा."

दुपारी चारशेच्या शर्यतीला सात मुली उभ्या राहिल्या. पाच नंबरची लेन रिकामी. शिटी झाली, सातही जणींनी उडी मारली आणि गॅलरीत बसलेली बेडकी भोकाड पसरून रडायला लागली.

आत्याने तिला जवळ घेतलं. "रड हवं तेवढं. पण पुढच्या वेळी नाव काढायला मला पाठवू नकोस. मी जाणार नाही."