निकोलाच्या दिवशीच्या किफ्ल्या

जिन्यातच लोण्याचा वास आला, तशी मी भराभर पायऱ्या चढले. आज संत निकोलाचा दिवस, म्हणजे आमची स्लावा, घराण्याच्या संताचा सण. वर्षातून एकदा घरात मोठी मेणबत्ती लागते आणि न बोलावता पाहुणे येतात. पण हा दिवस पडतो नाताळच्या उपासात. मासा चालतो, तेल चालतं. दूध, लोणी, अंडी, चीज यांना त्या दिवशी घरात थारा नाही. मी बाजारातून आणलेला मासा तसाच हातात धरून स्वयंपाकघरात गेले.

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. लाटलेल्या पोळीचे त्रिकोण कापलेले, प्रत्येकाच्या रुंद बाजूला पांढऱ्या चीजचा गोळा, आणि त्यांची बोटं किफ्ल्यांच्या सुरळ्या वळत होती. एक ट्रे भाजून झाला होता आणि ओल्या फडक्याखाली मऊ पडत होता. दुसऱ्यात किफ्ल्यांच्या मधे मधे लोण्याचे तुकडे खोचलेले.

"आई, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? किफ्ल्या केल्या. पाहुणे यायची वेळ झाली. हात धू आणि तीळ लाव वरून, बघत काय राहिलीस!"

माझ्या सासूबाईंचं, स्तामेंकाबाईंचं, आयुष्य शर्टांच्या कारखान्यात इस्त्री करण्यात गेलं. तळहात इतके निबर की तापलेला ट्रे नुसत्या फडक्याच्या टोकाला धरून काढायच्या. किफ्ल्या मात्र अशा, की दाढ नसलेल्या म्हाताऱ्यांनीही मागून घ्याव्यात. पण निकोलाला त्या तेलातल्या करायच्या, आत अक्रोड भरून. मी लग्न होऊन आल्यापासून हे कधी चुकलं नव्हतं. या वर्षी मात्र त्यांनी मला दोनदा त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती, आणि मी दोन्ही वेळा ओ दिली होती.

माझा नवरा ड्रागिशा आत आला, वास घेतला आणि पांढराफटक पडला.

"वेरिका, आत्या येईल आता. उचल हे सगळं. मी बेकरीतून उपासाच्या आणतो."

"आणि आईंना काय सांगू?"

"खरं ते सांग! म्हणावं, चुकलं."

"तुम्हीच सांगा ना. तुमची आई आहे."

तो बुटांकडे बघत राहिला. बायकोवर ओरडायला वाघ, आईपुढे शेळी. आणि त्याची भीतीही काही खोटी नव्हती. देसांका आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, अख्ख्या गल्लीच्या उपासाची राखणदार. मागच्या वर्षी तिनं माझ्या केकचा घास तोंडात घोळवून लोण्याऐवजी वापरलेल्या मार्गारीनचं वेष्टन मागितलं होतं, दुधाची भुकटी आहे का ते वाचायला. चार माणसांत ती सासूबाईंना काय बोलेल, याचीच मला धास्ती होती. सासूबाईंना स्वतःचं विसरणं अजून कळलेलं नव्हतं. ते असं, पाहुण्यांसमोर, कळू नये एवढंच मी मनात म्हणत होते.

ड्रागिशानं दार उघडलं तर आत्या दारातच! मागे खालच्या मजल्यावरचे शेजारी.

"स्लावा सुखाची होवो!" आत्यानं बर्फानं भरलेले बूट झटकून काढले, नाक वर केलं आणि थांबली. "ड्रागिशा, हा वास कसला रे?"

तेवढ्यात सासूबाई किफ्ल्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या, केस नीट बांधलेले, गाल शेगडीनं लाल झालेले. इतक्या खूश मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

आत्यानं ताटाकडे पाहिलं, मग टेबलाकडे. आमच्याकडे पाहुण्यानं आल्या आल्या आधी उकडलेला गोड गहू चमचाभर खायचा असतो. घरातल्या गेलेल्यांसाठी तो. सासूबाईच दरवर्षी तो शिजवतात. लोण्याच्या गडबडीत आम्हा दोघांचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"वहिनी," आत्या हळूच म्हणाली, "गहू कुठंय गं?"

"गहू?" सासूबाई हसल्या. "गहू कशाला? देवदूत काय मेलाय? तो जिवंत आहे, बाई. आमच्याकडे गहू नसतो."

ड्रागिशाला काही कळेना. मला कळलं, आणि आत्यालाही. गहू न शिजवता होते ती देवदूत मिखाएलची स्लावा. ती येते उपासाच्या आधी, त्यात लोणी, चीज सगळं चालतं. सासूबाईंच्या वडिलांच्या घरची ती स्लावा. लग्न झालं की बाई नवऱ्याच्या संताची होते, बापाचा संत उंबऱ्यावर ठेवून येते. त्यानंतर त्या तिथं पाहुणी म्हणूनसुद्धा गेल्या नव्हत्या. आधी कारखान्यात रजा मिळेना, मग माझे सासरे सोडेनात, मग तिथं कुणी उरलंच नाही.

"या ना बाई, दारात का उभ्या?" सासूबाई आत्याला म्हणाल्या. "लांबून आलात. बाबा येतीलच आता लाकडं घेऊन."

"अगं आई, आज निको..." ड्रागिशानं तोंड उघडलं.

"तू गप रे!" आत्या कडाडली. मग ती पुन्हा उंबऱ्याबाहेर गेली. म्हातारीनं काढलेले बूट परत चढवले आणि नव्यानं आत पाऊल टाकलं.

"देवदूताची स्लावा सुखाची होवो, पोरी. तुझ्या बाबांच्या घरी मी पहिल्यांदाच येतेय."

तिनं किफ्ली उचलली, मोडली. आतलं चीज अजून वाफाळत होतं. कधी उपास न मोडलेल्या त्या बाईनं ती खाल्ली. एक नाही, तीन. शेजाऱ्यांकडे असं काही बघितलं की त्यांनीही निमूटपणे हात पुढे केले.

मी स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकले. आत्या पाठोपाठ आली.

"मी दरवर्षी इथं, माझ्या बापाच्या स्लावेला, रुबाबात पाहुणी होऊन येते," ती म्हणाली. "आणि हिनं जन्मभर माझ्या घराण्याचा गहू शिजवला. निकोला समजून घेईल. नाही घेतलं तर त्याचं मी बघते." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुझ्या बापाची स्लावा कुठली गं?"

"संत लुका," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. या घरात हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेले. सासूबाई खुर्चीत बसून मेणबत्तीकडे बघत होत्या. मग त्यांची नजर भिंतीवरच्या निकोलाच्या तसबिरीवर गेली आणि तिथंच अडली.

"वेरिका, आज निकोला ना?"

"हो, आई."

"किफ्ल्या कसल्या केल्या मी?"

"नेहमीच्याच. अक्रोडाच्या."

"वन्संनी खाल्ल्या?"

"तीन खाल्ल्या."

त्यांनी लोण्यानं अजून तुळतुळीत असलेली बोटं नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. मी तोंड फिरवून नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. रोज मी घासते आणि त्या शेजारी उभ्या राहून विसळतात. आजही सवयीनं उठून आल्या, पण दोन्ही हात एप्रनखाली धरून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांनी हात पाण्यात घातले नाहीत.