सातव्या ठेक्याची उडी

मुलांनो, एक मोठी खोली डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू मात्र नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? खाली टपाल कचेरी आणि वर ही खोली. लांबच लांब, चार पंख्यांची, त्यातला एक सारखा कुरकुरणारा. भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या. आणि फरशीवर खडूनं काढलेल्या एकवीस फुल्या. आता प्रत्येक फुलीवर एकेक माणूस उभा करा. जाडा चालेल, बारीक चालेल, गुडघा दुखणारा तर हवाच. झालं आपलं नाचमंडळ तयार.

एकविसाव्या फुलीवर, अगदी शेवटच्या रांगेत, नऊ वर्षांची एक मुलगी उभी करा. तिला सगळे ‘काबरं’ म्हणत. कारण तिला काहीही सांगा, ती विचारायची, “का बरं?” दूध पी म्हटलं तरी का बरं, आणि नको पिऊस म्हटलं तरी का बरं. तिचे आजोबा निवृत्त वायरमन. ते स्वतः मंडळात नाचत. नाचताना तरी हिचं तोंड बंद राहील, म्हणून ते तिला घेऊन आले.

राहिलं नाही.

मंडळात शिकवायच्या त्या बाई. त्यांची एक पद्धत होती. त्या सगळ्यांच्या पुढे उभ्या राहायच्या आणि सगळ्यांकडे पाठ करून नाचायच्या. “तुमच्याकडे तोंड केलं की माझा उजवा हात तुम्हाला डावा वाटतो,” त्या म्हणायच्या. “शिवाय तुम्ही पाय सोडून माझं तोंड बघत बसता. मी करते तसं करा, बास.” अकरा वर्षं मंडळानं बाईंची पाठ बघितली आणि तसंच केलं.

आता बाई दूरच्या गावी लेकीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. मोठी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, त्यांच्या निरोपाची मेजवानी ठरली. आणि मंडळानं गुपचूप एक बेत केला. या वेळी बाईंनी नाचायचं नाही. त्यांना समोर खुर्चीत बसवायचं आणि त्यांचाच आवडता नाच त्यांना करून दाखवायचा.

काबरंला या नाचात असायचंच होतं. बाई पुन्हा थोड्याच भेटणार होत्या! पण अडचण होती ती उडीची. नाच आठ ठेक्यांचा. अलगद डावीकडे सरकत जायचं, आणि सातव्या ठेक्याला दोन्ही पाय उचलून एकदम उडी. काबरंची उडी कधी सहाव्याला पडायची, कधी आठव्याला.

“ही उडी का बरं मारायची?” तिनं चिटणीसबाईंना विचारलं.

चिटणीसबाई म्हणजे मंडळाच्या कारभारीणबाई. फुल्या त्याच काढायच्या, त्यामुळे खडू कायम त्यांच्या हातात.

“उडी म्हणजे या नाचाचा प्राण आहे, समजलं?”

“पण गाणं तर तिथे अगदी हळू आहे.”

“बाई मारतात ना? मग आपणही मारायची. हे बघ, मेजवानीच्या दिवशी सकाळी तालीम आहे. उडी जमली तर फुली, नाही जमली तर खुर्ची.”

मग काय विचारता! काबरं स्वयंपाकघरात उडाली, जिन्यात उडाली, दात घासताना उडाली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी धापा टाकत वर आल्या आणि म्हणाल्या, “काय पाडताय हो घरात? आणि किती पाडायचं उरलंय?”

“सातवा ठेका,” आजोबा म्हणाले.

तालमीच्या सकाळी मात्र काबरंची उडी बरोब्बर सातव्याला पडली. चिटणीसबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, “हं. फुली.”

दुपारी चारला बाई आल्या. टेबलावर मंडळातल्याच पाववाल्या काकांनी केलेला केक होता. त्यावर साखरेची बाई होती, पण पाठमोरी. “तोंड नीट आठवेना,” काका म्हणाले. “पाठ मात्र हुबेहूब आहे की नाही सांगा.” बाई खुर्चीत बसल्या. शेजारीच गाणं लावायचं यंत्र होतं, त्याचं बटण त्यांनीच दाबलं.

गाणं सुरू झालं. एकवीस माणसं अलगद डावीकडे सरकली. पाच, सहा... धाड्! टेबलावरचे चमचे नाचले. सगळ्यांत उंच उडी काबरंची.

“थांबा! थांबा!” बाई उठून उभ्या राहिल्या आणि गाणं बंद झालं.

काबरंला वाटलं, आपलंच चुकलं. आता फुली गेली आणि खुर्ची आली. ती बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली.

“ही उडी कुठून आली?” बाईंनी विचारलं.

“तुमच्याकडूनच की,” आजोबा म्हणाले.

“मी? मी उडी मारते?”

“अकरा वर्षं!” सगळे एकदम ओरडले.

बाई तरातरा आपल्या नेहमीच्या जागेवर गेल्या. मनाशी मोजत डावीकडे सरकल्या. सातव्याला त्यांचे पाय आपोआप हवेत गेले. खाली आल्यावर त्या वाकल्या, फरशीवर बोटानं टकटक केलं आणि पोट धरून हसत सुटल्या.

“अहो, पहिल्या वर्षी इथली ही एक फरशी डुगडुगायची! पाय पडला की ठेच लागायची, म्हणून मी तिच्यावरून उडी मारायचे. पुढे ती पक्की बसवली, पण माझ्या पायांना कोणी कळवलंच नाही!”

“आणि मागे आम्ही एवढे आदळायचो, ते ऐकू नाही आलं कधी?” पाववाले काका म्हणाले.

“यायचं ना. मला वाटायचं, खाली टपालात शिक्के मारताहेत.”

“आपण नाचतो संध्याकाळी सातला, तेव्हा टपाल बंद असतं, बाई,” मंडळातलेच टपालवाले काका दुखावलेल्या आवाजात म्हणाले. “आणि मी तर पुतणीच्या लग्नात अख्ख्या वऱ्हाडाला ही उडी शिकवली हो!”

“माझा घोटा मुरगळला होता हिच्यापायी,” पाववाले काका म्हणाले. “पंधरा दिवस भट्टीपुढे स्टुलावर बसून काढले.”

“प्राण,” आजोबा हळूच पुटपुटले. चिटणीसबाई लालबुंद झाल्या आणि हातातला खडू उगाच फिरवू लागल्या.

“मग काढूनच टाकू या ती,” कोणीतरी म्हणालं. गाणं पुन्हा लागलं. पाच, सहा... सातव्याला काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. अर्धे थांबले, अर्धे सरकत राहिले. आजोबा चिटणीसबाईंच्या पाठीवर आदळले. टपालवाल्या काकांनी पडता पडता पाववाल्या काकांना मिठी मारली आणि दोघं मिळून केकपासून वीतभर अंतरावर थांबले.

“बाई, तुम्हीच या पुढे,” सगळे विनवू लागले.

“मी नाही येणार,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. हसून पुसत होत्या की कशानं, ते कळलं नाही. “उद्यापासून मी असणार आहे का? पुढे कोणीतरी उभं राहा. उडी ठेवायची की काढायची ते त्यानंच ठरवायचं. बाकीचे त्याच्या मागोमाग करतील.”

कोणी पंख्याकडे बघू लागलं, कोणी केककडे. आजोबांना अचानक गुडघा आठवला.

तेव्हा शेवटच्या रांगेतून काबरं पुढे आली. ती चिटणीसबाईंसमोर उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला.

“खडू द्या.”

“का बरं?” चिटणीसबाईंनी विचारलं.

काबरंनं खडू घेतला, बाईंच्या जागेपाशी गुडघे टेकून बसली, आणि जी फरशी एके काळी डुगडुगायची तिच्या चारी कडांवरून जाड रेघ ओढून घेतली. खडू परत केला. चौकोनाच्या उजवीकडे जाऊन सगळ्यांकडे पाठ केली आणि बाईंना मानेनं खूण केली.

बाईंनी बटण दाबलं. काबरं अलगद डावीकडे सरकू लागली, आणि सातव्या ठेक्याला तिनं त्या चौकोनावरून अशी उडी मारली, की खडूची रेघ जराही पुसली गेली नाही.